टॉटरडाउनच्या ब्रोनेबाई

योलांताचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. विमानाच्या पंखाच्या एका सांध्यावर किती भार येतो यावर मीटिंग चालली होती. फोन सायलेंटवर ठेवलेला, टेबलावर नुसता थरथरत होता. ब्रोनेबाईंची देखभाल करणारी योलांता कामाच्या वेळात कधी फोन करत नसे, टेक्स्ट पाठवायची. त्यामुळे उचलायच्या आधीच कळलं. मी कॉरिडॉरमध्ये गेले. ती म्हणाली, "प्रज्ञा, ब्रोने गेली. सकाळी. मी तिला कुशीवर वळवत होते..." पुढचं ती इंग्रजी सोडून स्वतःच्या भाषेत बोलायला लागली आणि मी तिला थांबवलं नाही. त्यातला एकही शब्द मला कळत नव्हता, तरी फोन कानाला लावून खिडकीशी उभी राहिले. बाहेर धावपट्टी होती, तिच्यावर दिवसभराचा तो ब्रिस्टलचा बारीक पाऊस होता. मग आत जाऊन मी मीटिंग पूर्ण केली. दुसरं काय करायचं ते त्या वेळी सुचलं नाही.

त्याला आता दोनेक महिने होतील. ब्रोनेबाई लिथुएनियाच्या. एके काळी तिथल्या ऑपेरात प्रमुख भूमिका करणाऱ्या गायिका. आयुष्याची शेवटची बारा-तेरा वर्षं त्या ब्रिस्टलमध्ये टॉटरडाउनच्या चढावरल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आवाजाचे लेसन देत होत्या. 'बाई' हे माझं. आपल्याकडं शिकवणारीला बाई म्हणतात आणि गाणारीलाही, असं मी त्यांना एकदा सांगितलं होतं. त्यांनी तो शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला आणि ठेवून घेतला. बाकीचे विद्यार्थी त्यांना नुसतं ब्रोने म्हणत. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही.

मी त्यांच्याकडं गाणं शिकायला गेले नव्हते. नवं सहस्रक सुरू होऊन वर्ष झालं असेल, मी नागपूरहून पुण्याला आणि पुण्याहून इकडं आले होते. माझं काम चांगलं होतं, पण मीटिंगमध्ये मी बोलले की टेबलाच्या पलीकडून कुणीतरी 'सॉरी?' म्हणायचं. मी पुन्हा सांगायची. पुन्हा 'सॉरी?' तिसऱ्यांदा माझंच वाक्य शेजारचा माणूस मोठ्यानं म्हणायचा आणि मग ते सगळ्यांना पटायचं. असं वर्षभर चाललं. लायब्ररीच्या बोर्डावर एक कार्ड लावलेलं होतं, गाण्यासाठी आणि बोलण्यासाठी आवाज शिकवला जाईल म्हणून. मी त्यातल्या बोलण्यासाठी गेले.

टॉटरडाउनचा चढ असा आहे की हिवाळ्यात बर्फ पडला तर तिथं गाड्या उभ्या राहत नाहीत. मी वर पोचले ती धापा टाकतच. दार उघडलं ते एका उंच, रुंद खांद्यांच्या, साठीतल्या बाईंनी. पांढरे केस मागं घट्ट बांधलेले, पायात लोकरीचे मोजे. त्यांनी मला खुर्ची दाखवली आणि माझा श्वास खाली बसेपर्यंत स्वतः खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग नाव विचारलं. ऑफिसात सगळे मला 'प्राग्या' म्हणायचे, मीही तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "आई कशी हाक मारते ते सांग." मी सांगितलं. त्यांनी ते 'ज्ञ' माझ्याकडून चारपाच वेळा म्हणून घेतलं, माझ्या ओठांकडं बघत, आणि मग स्वतः म्हटलं. अगदी बरोबर. इंग्लंडात माझं नाव धड घेणारं ते पहिलं माणूस.

त्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात बोलते तसं बोलायला लावलं आणि ऐकून म्हणाल्या, "हा तुझा आवाज नाही. हा दुसऱ्याच्या घरात पाहुणी म्हणून राहणाऱ्या बाईचा आवाज आहे." मग विचारलं, तुमच्याकडं लांबच्या माणसाला हाक कशी मारतात? मला हसू आलं. माझे बाबा नागपूरला सूतगिरणीत होते, आणि जयंतीच्या दिवसांत वस्त्यावस्त्यांतून जलसे करायचे. माईक बंद पडला तरी चार गल्ल्यांपलीकडं ऐकू जाईल असा आवाज. मी लहानपणी त्यांच्यामागं कोरसमध्ये उभी राहायची. ते मी कसंबसं सांगितलं, तर बाई म्हणाल्या, मग तेच गा. आणि मी, चार वर्षांत बाथरूममध्येसुद्धा न गायलेली मी, बाबांच्या जलशातल्या गणाच्या दोन ओळी उभी राहून म्हटल्या. खालच्या मजल्यावरचा म्हातारा, मिस्टर हार्डिंग, काठीनं छताला ठोकायला लागला. बाईंनी लक्ष दिलं नाही. म्हणाल्या, "हं. हे कुठं लपवून ठेवलं होतंस?"

बोलण्याचे लेसन चारपाच आठवड्यांत संपले. गाण्याचे सात वर्षं चालले.

त्यांचा स्वतःचा आवाज मेझो, म्हणजे बायकांमधला खालच्या पट्टीतला, जाडसर. मेझोच्या वाट्याला नायिका येत नाही, त्या सांगायच्या, आम्हाला दाया मिळतात, चेटकिणी मिळतात, मत्सरी राण्या मिळतात, नायक नेहमी वरच्या पट्टीतल्या सोप्रानोकडं जातो आणि आमच्या हातात विषाची बाटली येते. हे सांगताना त्या हसायच्या. पण गाताना कुणी भाव दाखवायला लागलं की हसू जायचं. आमच्यातली एक शिक्षिका होती, तिचा नुकताच घटस्फोट झाला होता, आणि ती प्रत्येक ओळ डोळे मिटून, मान हलवत गायची. बाईंनी पियानोचं झाकण मिटलं आणि तिला म्हणाल्या, "दुःख दाखवू नकोस. व्यंजनं स्पष्ट म्हण. दुःख ज्याचं त्याला सापडेल." ती रडत खाली उतरली. पुढच्या आठवड्यात परत आली, आणि व्यंजनं स्पष्ट म्हणायला लागली.

स्वतः मात्र त्या कधी गात नसत. सूर दाखवायचा तर पियानोवर दाखवायचा, फार तर ओठ हलवून. मी त्यांना पूर्ण आवाजात एकदाच ऐकलं. एका ओळीत माझा श्वास मध्येच तुटत होता, दहादा सांगून जमत नव्हतं. बाई वैतागून उठल्या, एक हात पियानोवर ठेवला आणि ती ओळ गायल्या. मी सुरांचं वर्णन करणार नाही, मला येत नाही. इतकंच सांगते की खाली मिस्टर हार्डिंगचा टीव्ही चालू होता, तो बंद झाला. काठी वाजली नाही. बाई बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बघितलंस? श्वास शेवटी घ्यायचा, मध्ये नाही." नंतर तो म्हातारा जिन्यात भेटला तर मला विचारत होता, मघाशी कोण होतं?

त्यांची एक सवय मला सुरुवातीला विचित्र वाटायची. लेसन सुरू करायच्या आधी त्या विचारायच्या, या आठवड्यात वडिलांना फोन केलास का? नाही म्हटलं तर पुढं काही बोलायच्या नाहीत, पण त्या दिवशीचा लेसन कोरडा जायचा. मग मी दर शुक्रवारी फोन करायलाच लागले. बाबा पलीकडून म्हणायचे, "गोऱ्या बाईकडून गाणं शिकून राहिली म्हणते? बरं हाय. आवाज खालून काढ म्हणा, गळ्यातून नोको." मी ते बाईंना सांगितलं. त्या कितीतरी वेळ मान हलवत राहिल्या.

लिथुएनिया युरोपियन युनियनमध्ये आला त्या वर्षी ब्रिस्टलमध्ये अचानक तिथली पोरंपोरी दिसायला लागली, बांधकामावर, वेअरहाउसमध्ये, केअर होममध्ये. बसमध्ये ती भाषा कानावर यायची. मला वाटलं बाईंना आनंद होईल. पण त्या बसमध्ये मागं जाऊन बसायच्या आणि मफलर तोंडावर घ्यायच्या. एका रविवारी त्यांच्यासाठी मी पालकाची भाजी आणि भाकरी घेऊन गेले होते. त्यांना भाकरी आवडायची, बाजरीची विशेष. जेवून झाल्यावर मी सहज विचारलं, तुमच्या लोकांत का मिसळत नाही? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी इथं लिहायचं की नाही, यावर पुष्कळ विचार केला. शेवटी त्यांनीच पुढं, आजारात बोलणं गेल्यावर, एकदा पाटीवर लिहून दिलं होतं, 'मी गेल्यावर सांग.' म्हणून लिहिते.

त्यांच्या वडिलांची कौनसजवळच्या एका खेड्यात पिठाची गिरणी होती. महायुद्ध संपल्यावर सोव्हिएत राजवटीनं जमीनवाल्यांना, गिरणीवाल्यांना, शिक्षकांना उचलून सैबेरियात पाठवलं, त्यात ते गेले. आई दोन मुलींना घेऊन कौनसला बहिणीकडं लपली. ब्रोने थोरली, दानुते धाकटी. मावशीच्या नवऱ्यानं दोघींना आपलं आडनाव दिलं. ब्रोने शाळेत गायची, कुणीतरी ऐकलं, संगीत विद्यालयात पाठवा म्हणाले. पण हद्दपार माणसाच्या मुलीला तिथं जागा नव्हती. वडील काय करतात असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, युद्धात मेले. एकदा म्हटल्यावर ते पुढं प्रत्येक ठिकाणी म्हणावं लागलं. विद्यालयात, नाटकगृहात, लग्न ठरताना नवऱ्याच्या आईला. आणि आवाज वाढत गेला, तसं ते वाक्यही सवयीचं होत गेलं.

वडील मेले नव्हते. दहाएक वर्षांनी सुटले. पण परत आलेल्यांना आपल्या गावात राहायची परवानगी नव्हती. ते सरहद्दीपलीकडं लाटव्हियात एका गावी लाकूडकामाच्या कारखान्यात राहिले. दानुते गुपचूप जाऊन भेटायची. ब्रोने गेली नाही. तिला व्हिल्नियसच्या ऑपेरात पहिली मोठी भूमिका मिळाली, मत्सरी राणीचीच. त्या प्रयोगाला वडील आले. दानुतेनं आणलं. कुणाचा तरी कोट घालून, शेवटच्या रांगेत बसले. प्रयोग संपल्यावर कलाकारांच्या दाराशी लोक जमले, ब्रोने बाहेर आली. एका बाजूला नाटकगृहाचे संचालक, दुसऱ्या बाजूला पक्षाचे कुणी मोठे गृहस्थ, त्यांची बायको. गर्दीतून एक म्हातारा पुढं आला, हातात कुठल्या तरी बागेतली जांभळी फुलं, आणि त्यानं तिला लहानपणच्या नावानं हाक मारली, ब्रोन्युते म्हणून.

"मी फुलं घेतली," बाई म्हणाल्या. "आणि रशियनमध्ये म्हटलं, आभारी आहे, कॉम्रेड."

वडिलांनी टोपी काढली, वाकून नमस्कार केला आणि गेले. रस्त्याच्या पलीकडं दानुते उभी होती, तिनं सगळं पाहिलं. त्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं ते वारले. अंत्यविधीला ब्रोने गेली नाही, तिचा मिन्स्कला दौरा होता. दानुतेनं तिच्याशी बोलणं टाकलं. पुढं पंचवीसेक वर्षं ब्रोने मोठमोठ्या भूमिका गायली, सरकारी समारंभांत गायली, रेडिओवर गायली, पदकं घेतली. इटलीहून एकदा बोलावणं आलं होतं, पासपोर्ट आला नाही आणि कारणही आलं नाही. नवरा सोडून गेला, मूल नव्हतं. मग देश स्वतंत्र झाला, नाटकगृहात कोळसा नव्हता, पेन्शनमध्ये भाजी येत नव्हती. आणि ज्यांचे लोक सैबेरियात मेले ते आता मोठ्यानं बोलू शकत होते. ब्रिस्टलच्या एका कॉयरनं, गायकवृंदानं बोलावलं तेव्हा त्या निघाल्या त्या परत गेल्याच नाहीत. निघायच्या आधी जुन्या संचालकांना भेटायला गेल्या. ते अंथरुणाला खिळलेले. बोलता बोलता म्हणाले, ब्रोने, तो फुलंवाला म्हातारा तुझा बाप होता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून.

म्हणजे नाकारायची गरजच नव्हती. किंवा होती. त्यांना माहीत असूनही ती नाकारते का, हेच बघायचं असेल... बाई म्हणाल्या, हे मी कधी ठरवू शकले नाही.

मला धक्का बसला नव्हता. माझे मोठे काका मुंबईत बँकेत लागले आणि त्यांनी आडनाव बदललं. बदललं म्हणून सोसायटीत जागा मिळाली. आजोबा गावाहून त्यांच्याकडं आले तेव्हा शेजारी चहाला बसले होते. काकांनी ओळख करून दिली, आमच्या शेतावरचा जुना माणूस. मी सहा-सात वर्षांची, सुट्टीला गेलेली, तिथंच पत्ते खेळत होते. आजोबा त्या रात्री गॅलरीत झोपले आणि दुसऱ्या दिवशी गावी परतले. हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"तुझे आजोबा काय म्हणाले?"

काहीच नाही म्हणाले, मी सांगितलं.

"गाडीत? घरी गेल्यावर? कुणालाच काही नाही?"

नाही, मी म्हटलं. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, जरा वेळानं, भांडी धुताना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या माझ्या आजोबांबद्दल विचारत नव्हत्या.

दोन वर्षांनी आजार आला. पहिल्यांदा मलाच जाणवलं. त्यांचा 'र' बोथट झाला. मग 'ल', मग 'त'. व्यंजनांवर आयुष्य काढलेल्या बाईंची व्यंजनं निसरडी झाली. त्यांना माझ्याआधी कळलं असणार, पण त्या बोलल्या नाहीत, वाक्यं लहान करत गेल्या. फोनवरच्या लोकांना वाटायचं बाई पिऊन बोलताहेत. जीपीनं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरनं हॉस्पिटलमध्ये पाठवलं, तपासण्या झाल्या आणि मोटर न्यूरॉन डिसीज निघाला, तोही जिभेपासून आणि घशापासून सुरू होणारा. डॉक्टरांच्या खोलीत मी सोबत होते. तरुण डॉक्टर होत्या, फार हळुवारपणे सांगत होत्या. बाईंनी विचारलं, आधी काय जाईल? बोलणं, डॉक्टर म्हणाल्या, मग गिळणं, आणि मग श्वास. "उलट्या क्रमानं शिकवलं मी आयुष्यभर," बाई म्हणाल्या. डॉक्टरना ते बोथट शब्द समजले नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला समजले होते, पण मी ते पुन्हा म्हणू शकले नाही.

तरी लेसन वर्षभर चालले. बोलता येईना तेव्हा त्या विद्यार्थ्याच्या बरगड्यांवर हात ठेवून शिकवायच्या. हात उचलता येईना तेव्हा पायानं जमिनीवर ठोकून. एकेक विद्यार्थी गळत गेला. त्यांना दोष देत नाही, ते बघवत नव्हतं. टाइप केलेलं बोलून दाखवणारं यंत्र मिळालं होतं. त्यांनी ते एकदा लावलं, त्या पत्र्यासारख्या आवाजात स्वतःचं नाव ऐकलं आणि बंद करून कपाटात ठेवलं. त्यापेक्षा मुलांची असते तशी पांढरी पाटी आणि पेन बरं. लेसन थांबल्यावर कौन्सिलतर्फे देखभालीला योलांता यायला लागली. पंचविशीची, लिथुएनियातल्या शाउले गावची, रोज सकाळ-संध्याकाळ. पहिल्या दिवशी पेशंट कोण ते कळल्यावर ती सरळ म्हणाली, "माझी आजी, तुम्ही रेडिओवर लागलात की रेडिओ बंद करायची." मी दचकले. या आजारात कधी कधी हसू आवरत नाही. बाईंना हसू फुटलं ते थांबेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग पाटी मागितली आणि तिच्या भाषेत काहीतरी लिहिलं. योलांतानं मला सांगितलं, 'तुझ्या आजीचा कान चांगला होता.' त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

मी विचारलं, दानुतेला कळवू का? त्यांनी लिहिलं, नाही. महिन्यानं पुन्हा विचारलं. नाही. डिसेंबरात नळीनं अन्न द्यायला लागलो त्यानंतर एका सकाळी, मी न विचारता, त्यांनी पाटीवर लिहिलं, 'दानुते.' योलांतानं कौनसला फोन करून पत्ता काढला. दानुते म्हणाल्या, येते. इतकंच.

त्या आल्या. बाईंइतक्याच उंच, पण वाकलेल्या, डोक्याला रुमाल. इंग्रजी अजिबात नाही. आल्या आल्या त्यांनी बहिणीच्या कपाळावर हात ठेवला, काढला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओटा घासायला घेतला. चार दिवस त्या तेच करत होत्या. पडदे धुतले, फरशी घासली, कुणी खाणारं नव्हतं तरी बीटचं सूप केलं आणि ते योलांताला आणि मला बसवून वाढलं. बहिणीशी शब्द नाही. बाई पलंगावरून त्यांच्याकडं बघत राहायच्या. मला राग यायचा आणि दयाही यायची.

परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा योलांता नळी साफ करत होती आणि दानुते पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्या बोलायला लागल्या. हात मांडीवर, आवाज सपाट, बाजारातला भाव सांगावा तसा. मला काही कळत नव्हतं. मी फक्त योलांताचे हात थांबलेले पाहिले. आणि बाईंचे डोळे. त्यांचं सांगून झाल्यावर बाईंनी पाटीसाठी बोटं हलवली, मी दिली, त्यांनी एक शब्द लिहिला. दानुतेंनी उत्तर दिलं, तेही एकाच शब्दाचं. बाईंच्या हातातून पेन पडलं. ते मी उचललं, पुन्हा हातात दिलं, पण त्यांनी बोटं मिटली नाहीत.

जिन्यात योलांतानं मला सांगितलं. त्या प्रयोगाच्या रात्री परतीच्या बसमध्ये वडील दुःखी नव्हते. हसत होते. दानुतेला म्हणाले, बघितलंस कशी बोलली, पापणीसुद्धा हलली नाही, शहाणी आहे पोर, आता हिला कुणी हात लावणार नाही. आणि म्हणाले, तिला सांग, बाबांना राग नाही आला. सांग नक्की. दानुतेंनी सांगितलं नाही. त्यांना वाटलं, राहू दे हिच्या डोक्यावर. मग वडील वारले, आणि मग तर सांगायचंच नाही असं त्यांनी ठरवलं. वर्षं गेली, तसं ते सांगणं आणखी अवघड होत गेलं. बाईंनी पाटीवर लिहिलं होतं, 'कधी म्हणाले?' आणि दानुतेंनी उत्तर दिलं होतं, 'त्याच रात्री.'

दुसऱ्या दिवशी दानुते निघाल्या तेव्हा बाईंनी डोळे मिटून घेतले होते. झोपल्या नव्हत्या. दानुते दारात थोडं थांबल्या, मग पिशवी उचलून जिना उतरल्या. मी त्यांना विमानतळावर सोडलं. गाडीत त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता, सिग्नलला गियर बदलायला मला तो सोडवून घ्यावा लागायचा.

मला वाटत होतं, उशिरा का होईना, बाईंना सुटल्यासारखं वाटेल. तसं झालं नाही. त्यानंतरचे आठवडे सगळ्यात वाईट गेले. त्या पाटी मागायच्या नाहीत. एका शनिवारी मागितली. हाताला आता फारसा जोर नव्हता, एकेक शब्द लिहायला वेळ लागायचा, मी पुसायची, त्या पुढचा लिहायच्या. ते सगळं जोडून असं होतं, 'मी आयुष्यभर त्या एका माणसासमोर गायले. त्यानं माफ करावं म्हणून. आणि मी मेकअप उतरवायच्या आधीच त्यानं माफ केलं होतं.' मी म्हटलं, बाई, दानुतेंना काही कळवायचंय? त्यांनी लिहिलं, 'तिला सांग, सूप चांगलं झालं होतं असं तू म्हणालीस.' एवढंच. ते त्यांनी चाखलंही नव्हतं. मी योलांताकडून ते फोनवर कळवलं. पलीकडं बराच वेळ काही ऐकू आलं नाही, योलांता म्हणाली, रडताहेत बहुतेक, किंवा लाइन गेली.

फेब्रुवारीत त्या गेल्या. अंत्यविधीला आम्ही नऊ-दहा जण होतो, मिस्टर हार्डिंग काठी घेऊन आले होते. दानुते आल्या नाहीत, त्यांना प्रवास झेपणार नव्हता. राख योलांता उन्हाळ्यात घेऊन जाणार आहे. कुठं ठेवायची हे दानुते ठरवतील. वडिलांची कबर लाटव्हियात आहे, आणि कागदोपत्री बाई त्यांच्या कुणीच नाहीत. तेव्हा ते कसं जमेल मला ठाऊक नाही.

मागच्या महिन्यात फ्लॅट रिकामा करून द्यायचा होता. पियानो एका शाळेनं नेला, पुस्तकं चॅरिटी शॉपला गेली. किल्ली द्यायच्या सकाळी योलांता आणि मी शेवटचं झाडून घेतलं. जमिनीवर पियानोच्या चाकांचे चार खड्डे तेवढे होते. योलांता म्हणाली, "मी इतके दिवस इथं आले, या खोलीत कुणाला गाताना ऐकलं नाही." ती आली तेव्हा आवाज आधीच गेला होता, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. म्हणाली, काहीतरी म्हण.

गाणं म्हणावंसं वाटेना. मी आमची रोजची सुरुवात म्हटली. पाच सूर चढायचे, पाच उतरायचे, मग अर्ध्या सुरानं वर सरकून पुन्हा तेच. शब्द नाही, नुसतं 'नू'. पियानो नव्हता, तरी पट्टी सापडली. रिकाम्या खोलीत आवाज भिंतींना लागून परत येत होता. मी एकेक पायरी वर गेले. माझ्यासाठी एक जागा ठरलेली होती, तिथं पोचले की बाई हात उचलायच्या, पुढं नको. आवाज पुढं जातो गं, त्या म्हणायच्या, पण तो अजून तुझा नाही, थांब. सात वर्षांत ती जागा त्यांनी दोनदाच वर सरकवली होती.

तिथं पोचले आणि थांबले. योलांता दाराशी केरसुणी धरून उभी होती. म्हणाली, "संपलं?"

मी म्हटलं, "नाही. पण एवढंच गाऊ देतात त्या."

तिनं मान हलवली, दिवे बंद केले, आणि आम्ही दार ओढून घेतलं.